भार आणि आधार

बलवान पुरुषांच्या कथा आपण मोठ्या आवडीने सांगतो. कोणी किती वजन उचलले, कोणी किती जोर काढले, कोणी हत्ती छातीवरून चालविला, याचे आकडे गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या पाठ असतात. परंतु ते वजन उचलण्यापूर्वी कशावर टेकलेले होते, आणि उचलणारा थकला तेव्हा ते कोणी धरले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. भाराचा इतिहास आपण लिहिला. आधाराचा इतिहास लिहावयाचा राहून गेला.

हा प्रश्न माझ्यापुढे काही वर्षांपूर्वी एका दुपारी येऊन उभा राहिला. रायपूरच्या जुन्या वस्तीत कवेलूच्या छपराची एक लहानशी व्यायामशाळा आहे. तिच्या पंचांत माझे नाव आहे ते केवळ वयाच्या मानाने. अंगबळाच्या मानाने नव्हे. पुढच्या अंगाला मारुतीचे देऊळ, मागे कुस्तीचा हौदा, आणि बाजूच्या खोलीत लोखंडी बार व वजनाच्या चकत्या, अशी तिची मांडणी. त्या दुपारी एक कॉलेजातला मुलगा एकटाच आला, बाकावर उताणा निजला आणि छातीवरून बार वर रेटू लागला. सातव्या की आठव्या खेपेस बार वर जाईना. तो छातीवर उतरला आणि तेथून गळ्याकडे सरकू लागला. चकत्या निसटू नयेत म्हणून दोन्ही टोकांस चाप घट्ट आवळलेले, त्यामुळे बार एका बाजूला कलंडून मोकळा होण्याचीही सोय नव्हती. देवळात दिवा लावावयास आलेल्या एका बाईने त्याचा आवाज ऐकला आणि तिने रस्त्यावरच्या दोन हमालांना हाक मारली, म्हणून तो मुलगा वाचला. एक बरगडी मोडली, एवढ्यावर निभावले.

दुसऱ्या दिवशी पंचांची बैठक भरली. शिलकीत थोडे पैसे होते आणि मते मात्र पुष्कळ होती. तरुण मंडळींचे म्हणणे असे की, चार खांबांचा, आडवे गज असलेला लोखंडी पिंजरा, ज्याला पॉवर रॅक म्हणतात तो, ताबडतोब आणावा. काटकसरी मंडळींनी हिशेब मांडला की, त्या एका पिंजऱ्याच्या किमतीत साध्या उभ्या घोड्यांच्या तीन जोड्या येतील आणि एकाच वेळी तिघांची सोय होईल. आमचे वृद्ध वस्ताद तोवर गप्प होते. ते म्हणाले, "रॅक कशाला हवा? मुलगा एकटा आला कसा, हे आधी विचारा." हा एकच प्रश्न ऐकून मी घरी परतलो आणि जुनी पुस्तके काढून बसलो. त्या वाचनातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम आपल्याच आखाड्याकडे पाहू. महाराष्ट्रातील व्यायामपरंपरेची साधने कोणती? जोर, बैठका, मल्लखांब, जोडी, मुद्गल, करेल, लेजीम, गदा, दगडी नाल. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाच्या विद्येला नवे रूप दिले, असे परंपरा सांगते. पुढे ती विद्या त्यांच्या शिष्यपरंपरेतून काशीपर्यंत पोहोचली. बडोद्याला प्रोफेसर माणिकराव यांनी जुम्मादादा व्यायाममंदिरात ती शिस्तीत बांधली. अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला, आणि १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या प्रसंगी त्या मंडळाच्या पथकाने आपले देशी खेळ परदेशी प्रेक्षकांना दाखविले. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश सिद्ध केला. एवढी समृद्ध परंपरा; परंतु तिच्यात वजन टेकवून ठेवण्यासाठी उभी केलेली घोडी जवळजवळ कोठेच भेटत नाही.

याचे कारण आपण बलोपासनेची जी रीत पत्करली, तिच्यातच आहे. आपली वाढ संख्येची होती. आज शंभर बैठका, महिन्याने दोनशे, वर्षाने पाचशे. भार म्हणजे स्वतःचे शरीर. ते थकले म्हणजे मनुष्य जमिनीवर बसतो आणि त्याला कोणताही धोका नसतो. जोडी फिरविणाऱ्याचे हात भरून आले की तो जोडी पायांशी टेकवितो. नाल जमिनीवरून उचलावयाची आणि जमिनीवरच सोडावयाची. मल्लखांबावरून पडलेला मातीत पडतो, आणि कुस्तीत पाठ लागली तरी ती तेल-ताक मुरलेल्या तांबड्या मातीलाच लागते. म्हणजे आपल्या आखाड्यात आधार दोनच होते : खाली माती आणि बाजूला वस्ताद. तिसऱ्या आधाराची गरजच पडली नाही.

युरोपात एकोणिसाव्या शतकात निराळी रीत वाढली. तेथे संख्या थोडी ठेवून भार वाढवीत जाण्याकडे कल झाला. १८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक झाले, तेव्हा वजन उचलण्याचे दोन सामने होते, एक एका हाताचा आणि एक दोन हातांचा; दोन हातांच्या सामन्यात डेन्मार्कच्या व्हिगो येन्सनने १११.५ किलोग्रॅम उचलून पहिला क्रमांक मिळविला. १९०२ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या अ‍ॅलन कॅलव्हर्टने वजन कमीजास्त करता येईल असे बारबेल विकण्यासाठी कारखाना काढला. १९०४-०५ च्या सुमारास यूजेन सँडो हिंदुस्थानात येऊन खेळ दाखवून गेला आणि आपल्या शहरांतील तरुणांना डंबेल्सचे वेड लागले. पुढे १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकच्या काळात जर्मनीतील बर्ग यांनी तयार केलेला, टोकाच्या नळ्या स्वतंत्र फिरणारा बार प्रचारात आला. आजचा बार त्याचाच वंशज आहे : पुरुषांसाठी वीस किलोग्रॅम वजनाचा व दोन मीटर वीस सेंटिमीटर लांबीचा, स्त्रियांसाठी पंधरा किलोग्रॅमचा व दोन मीटर एक सेंटिमीटरचा.

या नव्या साधनाबरोबर एक नवी अडचणही आली, आणि रॅकचा जन्म त्या अडचणीतून झाला. मनुष्याच्या पायांत, मांड्यांत आणि कमरेत जेवढे बळ असते, तेवढे हातांत नसते. जमिनीवरचा बार उचलून खांद्यावर घ्यावयाचा आणि मग बैठका काढावयाच्या, असे ठरविले तर हातांना जेवढे खांद्यापर्यंत आणता येईल तेवढ्यावरच पायांचे भागवावे लागते. पाय उपाशीच राहतात. बार आधीच खांद्याच्या उंचीवर कोणीतरी धरून ठेवला, तरच पायांना त्यांच्या बळाइतका भार मिळेल. हे धरून ठेवण्याचे काम दोन साथीदार करू शकतात. साथीदार नसतील तर काय?

याला एका जर्मन मल्लाने जे उत्तर शोधले ते ऐकून आजही अंगावर काटा येतो. हाइनरिख स्टाइनबॉर्न हे त्याचे नाव. लोक त्याला मायलो म्हणत. पहिल्या महायुद्धात तो ऑस्ट्रेलियात स्थानबद्ध होता आणि १९२१ साली तो अमेरिकेत आला. तो चकत्यांनी भरलेला बार एका टोकावर उभा करी, त्याच्याशेजारी वाकून खांदा लावी, आणि मग सगळा बार कलता करून पाठीवर आडवा पाडून घेई. अशा स्थितीत पूर्ण बैठक, मग उठणे, आणि शेवटी त्याच वाटेने बार पुन्हा उभा करून खाली ठेवणे. दोनशे किलोग्रॅमच्या वरचा भार त्याने असा एकट्याने पेलला. भारी बैठकांचे महत्त्व अमेरिकेतील लोकांना पटले ते मुख्यत्वे त्याच्या उदाहरणाने. मात्र त्याची युक्ती हजारांत एखाद्यालाच साधण्यासारखी होती. इतरांच्या कण्याला ती परवडणारी नव्हती. म्हणून त्याच्यामागून आलेल्या पिढीने दोन खांब उभे केले, त्यांच्या माथ्यावर बार ठेवण्यापुरत्या खोबणी केल्या आणि त्यावर बार टेकवला. कोणी लाकडाचे केले, कोणी नळाच्या लोखंडी पाइपांचे. नेब्रास्कातील पिअरी रेडर यांनी १९३६ साली काढलेल्या आयर्न मॅन मासिकातून बैठकांचा प्रचार झाला, आणि घरोघरच्या पडव्यांतून अशा घोड्या उभ्या राहू लागल्या.

घोडीने अर्धे काम केले. बार वर घेण्याची सोय झाली. परंतु बैठकीत खाली गेलेला मनुष्य उठू शकला नाही तर काय, याचे उत्तर दोन सुट्या खांबांपाशी नव्हते. ते उत्तर देणारा चार खांबांचा पिंजरा पुढे आला, आणि त्याचा प्रसार ज्या कारणाने झाला ती हकीकत मोठी बोधप्रद आहे. १९५३ साली जर्मनीत डॉर्टमुंड येथे हेटिंगर आणि म्यूलर या संशोधकांनी असे प्रसिद्ध केले की, न हलणाऱ्या वस्तूवर काही सेकंद जोर लावल्यानेही स्नायूंचे बळ वाढते. हा विचार अमेरिकेत पोहोचला. १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत यॉर्क बारबेल कंपनीच्या बॉब हॉफमन यांनी त्याचा मोठा गाजावाजा केला. खांबांना ओळीने भोके, भोकांतून आडवे गज, आणि त्या गजांखाली बार अडकवून वर रेटावयाचे : त्यासाठी हा पिंजरा विकला जाऊ लागला. बिल मार्च आणि लुई रीकी या दोघांचे आकडे झपाट्याने वाढलेले दिसले, आणि पिंजऱ्याची कीर्ती सर्वत्र पसरली.

पुढे उघड झाले ते निराळेच. त्या मल्लांना मार्गदर्शन करणारे डॉक्टर जॉन झीग्लर त्यांना व्यायामाबरोबर बळ वाढविणाऱ्या गोळ्याही देत होते. आकड्यांतील वाढीचा मोठा वाटा त्या गोळ्यांचा होता. श्रेय मात्र लोखंडाला मिळाले. हे कळल्यावर न हलणाऱ्या व्यायामाचे वेड ओसरले. पिंजरा मात्र टिकला. कारण लोकांच्या ध्यानात आले की, जे गज बारला वर जाऊ देत नाहीत, तेच खालच्या भोकांत घातले तर बारला खाली येऊ देत नाहीत. बार अडवून ठेवण्यासाठी केलेली वस्तू माणूस वाचविण्याच्या कामी आली. एखाद्या साधनाची जाहिरात ज्या गुणासाठी होते तो त्याचा खरा गुण असेलच असे नाही, आणि खरा गुण कित्येकदा जाहिरात थांबल्यावर दिसतो.

याच सुमारास तिसरे एक यंत्र आले. जॅक लालेन या व्यायामप्रसारकाच्या कल्पनेवरून १९५० नंतरच्या दशकात रूडी स्मिथ यांनी ते पुढे आणले. आज ते स्मिथ मशीन म्हणून ओळखले जाते. यात बार दोन उभ्या रुळांतून वरखाली सरकतो आणि मनगट वळविताच जागच्या जागी अडकविता येतो. धोका पुष्कळ कमी. परंतु बार पुढेमागे झुकत नसल्यामुळे तोल सांभाळण्याचे काम शरीराला उरत नाही, आणि ज्याला मोकळा बार पेलावयाचा आहे त्याचे शिक्षण अपुरे राहते. बोट धरून पोहावयास शिकणाऱ्याला कधीतरी बोट सोडावेच लागते.

हे सर्व वाचून झाल्यावर माझ्या ध्यानात आले की, आमच्या बैठकीतला वाद वस्तुतः उपयोगाचा वाद होता. भारोत्तोलनाच्या शर्यतीत आज दोनच प्रकार आहेत. म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिंपिकनंतर तिसरा प्रकार, उभ्याने बार वर रेटण्याचा, वगळण्यात आला. राहिले ते स्नॅच आणि क्लीन अँड जर्क. दोन्हींत बार जमिनीवरून उचलला जातो आणि वरून सोडून देता येतो. रबरी चकत्या आणि लाकडी चौथरा तो आघात झेलतात. अशा मल्लाला शर्यतीत रॅक लागतच नाही. सरावात बैठकांसाठी लागतो तोही हलका, चटकन बाजूला सारता येईल असा. चौथऱ्यावर चार खांब रोवून ठेवले तर त्याच्या मुख्य खेळालाच अडथळा होतो. म्हणून त्याला घोड्यांची जोडी पुरते, आणि अडचणीत बार पाठीमागे टाकून पुढे निसटण्याची कला त्याला पहिल्या महिन्यातच शिकविली जाते. याउलट पॉवरलिफ्टिंग हा खेळ, ज्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९७२ साली स्थापन झाली, तो बैठक, बाकावरचा रेटा आणि जमिनीवरून उचल या तिहींचा आहे. त्यातील पहिल्या दोहोंत बार शरीराच्या वर असतो. बाकावर निजलेल्याला तर निसटावयास वाटच नसते. त्याला गज हवेतच.

प्रांतोप्रांतीच्या घरांतून पहिल्या खेळाची परंपरा आज कशी फुलली आहे, हे आपण जाणतो. सिडनीला २००० साली करणम मल्लेश्वरी यांनी कांस्यपदक मिळविले. २०२२ साली ग्रीसमधील हेराक्लिओन येथे कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत मावळातील वडगावच्या हर्षदा गरुड हिने ४५ किलोग्रॅम वजनगटात सुवर्णपदक पटकाविले, आणि त्याच स्पर्धेत आमच्या शेजारच्या राजनांदगावच्या ज्ञानेश्वरी यादव हिने ४९ किलोग्रॅम गटात रौप्यपदक मिळविले. त्याच वर्षी सांगलीच्या संकेत सरगर याने बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत रौप्यपदक जिंकले; त्याचे वडील पानाची टपरी आणि चहाचे दुकान चालवीत. वडगाव, राजनांदगाव, सांगली ही काही राजधानीची शहरे नव्हेत. लहान गावातील साध्या व्यायामशाळेतून जागतिक दर्जाचे बळ निपजू शकते, हे या मुलामुलींनी दाखविले. आणि म्हणूनच लहान व्यायामशाळेने आपले तुटपुंजे पैसे कोणत्या लोखंडात घालावे, हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही.

आता आमच्या जागेचा विचार. रायपुरात मराठी माणूस आला तो नागपूरकर भोसल्यांच्या मागून. १७४१ साली भास्करराम पंतांची फौज रतनपुरावर आली. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरी राहून कारभार केला. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी अ‍ॅग्न्यू याने कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. पुढे १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता, आणि कचेऱ्यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येतच राहिली. तात्यापारा, ब्राह्मणपारा, बुढापारा या भागांतून त्यांच्या पिढ्या वाढल्या. आमची व्यायामशाळा अशाच एका जुन्या घराच्या अंगणात आहे. भिंती मातीच्या विटांच्या, छप्पर उतरते. अशा घरात कोणता रॅक मावेल, हे केवळ सूचिपत्रकातील चित्रे पाहून ठरत नाही.

भिंतीला बसविता येणारा, वापर झाल्यावर मिटवून ठेवता येणारा रॅक जागा वाचवितो खरा. परंतु त्याचे सगळे बळ भिंतीत असते, आणि मातीच्या विटेत ठोकलेला खिळा ओढ लागताच बाहेर येतो. तो प्रकार आम्ही पहिल्याच बैठकीत बाद केला. अर्धा रॅक म्हणून एक मधला प्रकार आहे : मागे भक्कम खांब, आणि त्यांतून पुढे निघालेले दोन आडवे हात. बाहेरून मोकळा, तरी बार धरणारा. परंतु ते हात एकाच बाजूने टेकलेले असल्यामुळे त्यांना जाड लोखंड लागते आणि पाया जमिनीत बोल्टांनी आवळावा लागतो. आमची जमीन फरशीची, खाली भराव. पिंजऱ्यात गज दोन्ही बाजूंनी टेकतो, म्हणून तोच आघात तो अधिक सहजपणे सोसतो.

मग मापे. बारच्या दोन टोकांच्या नळ्यांमधील अंतर एक मीटर एकतीस सेंटिमीटर असते. रॅकची बाहेरची रुंदी याहून पुरेशी कमी हवी, नाहीतर चकत्या खांबांवर आपटतात. चकत्या चढवावयास दोन्ही बाजूंना माणूस उभा राहील एवढी वाट हवी. म्हणजे सव्वादोन मीटरच्या बारसाठी चार मीटरच्या आसपास रुंदी लागते. उभ्याने बार डोक्यावर रेटावयाचा तर उंच मुलाचे हात वर केल्यावर जेवढी उंची भरेल तीत चकतीची अर्धी उंची, म्हणजे साडेबावीस सेंटिमीटर, मिळवावी. तेवढे छप्पर हवे. आमच्या खोलीत मधल्या आढ्याखाली ते होते, कडेला नव्हते. आणखी एक गोष्ट भोकांची. भोके फार दूर असली तर गज हवा त्या उंचीवर येत नाही. बाकासाठी तो छाती फुगविली असता छातीच्या किंचित खाली, परंतु छाती सैल सोडली असता गळ्याच्या वर राहिला पाहिजे. बैठकीसाठी बार जेथपर्यंत खाली जातो त्याच्या दोन बोटे खाली. हे दोन बोटांचे अंतर चुकले की सगळा पिंजरा व्यर्थ.

ही भोकांची गोष्ट समजावीत असता एका छत्तीसगढी मुलाने जे सांगितले ते मला फार आवडले. हरेलीच्या सणाला, म्हणजे आपल्या पंचांगाप्रमाणे आषाढ अमावास्येला, इकडे मुले गेडीवर चालतात. बांबूच्या दोन दांड्या, आणि त्यांना पाय ठेवण्यासाठी बांधलेले आडवे टेकू. लहान मुलाचा टेकू खाली बांधतात, मोठ्याचा वर. "म्हणजे ही लोखंडी गेडीच की," तो म्हणाला. मी त्याला दुजोरा दिला. टेकूची उंची मुलानुसार बदलते, टेकूनुसार मूल बदलत नाही, हे त्याला लहानपणीच कळले होते.

लोखंडाची आम्हांला वाण नव्हती. रायपुरापासून थोड्याच अंतरावर भिलाई. १९५५ साली सोव्हिएत सहकार्याचा करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आज उरला आणि सिलतारा येथे लोखंडाचे लहानमोठे कारखाने आहेत, आणि वेल्डिंग करणारा कारागीर गल्लीगल्लीत मिळतो. आम्ही एकाला काम सांगितले. त्याने पहिला सांगाडा इतका रुंद केला की बार दोन्ही आकड्यांवर टेकेनाच. त्याच्या मते माणसाला ऐसपैस जागा हवी! चूक त्याची नव्हती, आमची होती. आम्ही त्याला बार दाखविलाच नव्हता. दुसऱ्या खेपेस बार समोर ठेवून मापे घेतली. मग खांबांचे लोखंड जाड घ्यावे की पातळ, यावर पुन्हा पंचांत खल झाला, आणि येथे मात्र काटकसर हरली. जी वस्तू दहा वर्षे नुसती उभी राहणार आणि एखाद्याच क्षणी एखाद्याचा जीव पेलणार, तिचे मोल त्या एका क्षणावरून ठरवावे, हे सर्वांना पटले.

शेवटी ठरले ते असे. एक पिंजरा, मधल्या आढ्याखाली. बाकाचा व्यायाम आणि भारी बैठका त्यातच. घोड्यांची एक जोडी, चौथऱ्यावर सराव करणाऱ्या मुलामुलींसाठी. स्मिथ मशीन नको. आणि वस्तादांच्या आग्रहावरून भिंतीवर एक पाटी : एकट्याने बारखाली जाऊ नये. तरुणांनी थोडी कुरबूर केली. गज आहेत तर मग साथीदार कशाला, असे त्यांचे म्हणणे. वस्ताद म्हणाले, "गज बार धरील. आज गुडघा दुखतो आहे, आज चकती कमी लाव, हे गज सांगेल काय?"

मला वाटते, आधाराच्या या दीडशे वर्षांच्या इतिहासातील खरी गोम वस्तादांनी ओळखली होती. आखाड्यात मनुष्य कधी एकटा नव्हता, म्हणून तेथे रॅक नव्हता. जसजसा बलोपासक एकटा पडत गेला, पडवीत, तळघरात, भाड्याच्या खोलीत, तसतसे साथीदाराचे एकेक काम लोखंडाने आपल्याकडे घेतले : आधी बार धरून ठेवण्याचे, मग पडणारा बार झेलण्याचे, शेवटी तोलही सांभाळण्याचे. ही कामे लोखंड उत्तम करते, आणि त्याबद्दल त्याचे उपकारच मानले पाहिजेत. आमच्या त्या मुलावर एकटेपणाची वेळ आली तेव्हा दोन गज असते तर त्याची बरगडी मोडली नसती. परंतु साथीदाराची सगळीच कामे लोखंडाला सोपविता येत नाहीत.

तो मुलगा वर्षभराने परत आला. पहिले काही दिवस तो बाकाकडे पाहतही नसे. हौद्यावर बसून इतरांच्या कुस्त्या पाही. एके दिवशी वस्तादांनी त्याला हाक मारली, पिंजऱ्यात बाक सरकवून घेतले, गज स्वतःच्या हातांनी भोकांत घातले आणि नुसता रिकामा बार त्याच्या हाती दिला. त्याने तो छातीपर्यंत आणला आणि मुद्दाम सोडून दिला. बार गजांवर खणकन आदळून थांबला. मुलाने खाली निजल्यानिजल्याच हात लावून गज आणि आपला गळा यांमधले अंतर चाचपून पाहिले, आणि मग वस्तादांकडे पाहून म्हणाला, "आता पाच-पाच किलो लावा."

वस्तादांनी अडीच-अडीच लावले.